खाणीतील भारण व वाहतूक यंत्रे : सुरक्षित चालन (खानदेश)

उघड्या खाणीत फोडलेला दगड उचलून वाहनात भरणाऱ्या आणि तो वाहून नेणाऱ्या अवजड यंत्रांच्या वापरात पाळावयाची दक्षता. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत हा विषय मुख्यतः बेसाल्टच्या (काळ्या कातळाच्या) दगडखाणींशी आणि त्यांना जोडलेल्या खडी केंद्रांशी निगडित आहे.

यंत्रांची प्रचलित नावे उत्पादकांवरून पडली. ‘पोकलेन’ हे जलदाबावर चालणारे खोदयंत्र १९५१ मध्ये बनविणाऱ्या फ्रेंच कंपनीचे नाव होय. ‘हायवा’ हे गाडीचे नसून तिचा हौदा उचलणाऱ्या दट्ट्यांच्या डच उत्पादकाचे. हायवा व डंपर हे शब्द सर्रास एकमेकांसाठी वापरले जातात. ते योग्य नाही. खाणीसाठी बांधलेल्या डंपरच्या हौद्याचा पुढचा भाग केबिनवर छतासारखा येतो. हायवा मुळात रस्त्यावरची गाडी असून तिला असे भक्कम छत बहुधा नसते. त्यामुळे भरण चालू असताना हायवाच्या चालकाने पोकलेनच्या फिरण्याच्या कक्षेबाहेर उभे राहावे आणि पोकलेनचालकाने बकेट केबिनवरून फिरवू नये.

येथील खडक दख्खन ट्रॅपचा (थिजलेल्या लाव्हाच्या थरांचा), सुमारे ६.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. घट्ट बेसाल्टच्या थरांमध्ये सच्छिद्र बेसाल्टचे आणि ‘बोल’ नावाच्या तांबड्या मृण्मय द्रव्याचे पट्टे येतात. बोल भिजल्यावर मऊ पडतो व वरचा घट्ट थर आधाराविना लोंबतो; अशा कड्याखाली पोकलेन लावणे किंवा वरच्या काठावर गाडी मागे घेणे धोक्याचे ठरते. धुळे-नंदुरबार भागातील भित्तींच्या (डाइक; भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या उभ्या भिंती) खडकातही खाणी आहेत. तेथे संधींची (खडकातील भेगांची) दिशा वेगळी असल्याने काठाची पाहणी स्वतंत्रपणे करावी लागते.

धातुखाण विनियम १९६१ नुसार कठीण खडकात पायरीसारख्या पाडलेल्या टप्प्याची उंची सामान्यतः ६ मी. पेक्षा अधिक नसावी व रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी; माती व मुरुमाच्या बाजू ४५ अंशांपेक्षा जास्त उभ्या ठेवू नयेत किंवा त्यांचे १.५ मी. पर्यंत उंचीचे टप्पे पाडावेत. खाण अधिनियम १९५२ च्या कलम ३ मध्ये बांधकामाचा दगड व रस्त्याची खडी काढणाऱ्या लहान खाणींना बऱ्याच तरतुदींतून सूट होती. मात्र खोली कोठेही ६ मी. पेक्षा अधिक नसणे, कोणत्याही दिवशी ५० हून अधिक कामगार नसणे आणि स्फोटके न वापरणे या अटी एकत्रच पूर्ण व्हाव्या लागत. बेसाल्ट फोडण्यास सुरुंग लागतोच, म्हणून ‘आमची खदान लहान आहे’ हा युक्तिवाद बहुधा टिकत नाही. शिवाय १८ वर्षांखालील व्यक्तीस कामावर ठेवण्याची मनाई सूट मिळालेल्या खाणीतही कायम होती. हा अधिनियम पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आला.

वाहतुकीच्या रस्त्याचा चढ साधारणपणे १६ मी. लांबीस १ मी. आणि थोड्या अंतराच्या रॅम्पवर १० मी. लांबीस १ मी. असा धरतात. काठावरील बांधाच्या उंचीविषयी मात्र मतभेद आहेत. अमेरिकी नियमांत बांध सर्वांत मोठ्या वाहनाच्या आसाच्या मध्यापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने चाकाच्या निम्म्या उंचीचा, पुरेसा धरला आहे. भारतीय खाण-सुरक्षा व्यवहारात टायरच्या पूर्ण व्यासाइतकी उंची अपेक्षित असते. खानदेशात बांध बहुधा खाणीतल्याच मुरूम व दगडगोट्यांचा असतो, पावसात तो खचतो आणि वरची काळी माती चिकट व निसरडी होते. हे पाहता भारतीय मानकच येथे अधिक सयुक्तिक वाटते. बांध गाडीला थोपवण्यापेक्षा चालकाला काठाची जाणीव देतो, असेही काही अभियंते मानतात. तथापि, तेवढ्यावरून त्याची उंची कमी करणे समर्थनीय नाही.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. चढताना लागणाऱ्याच गिअरमध्ये ती उतरवावी. मागे घेताना इशारा देणारा माणूस चालकास आरशात दिसला पाहिजे, तो दिसेनासा होताच गाडी थांबवावी. हौदा उचलताना गुरुत्वमध्य वर जात असल्याने दोन्ही बाजूंची चाके समपातळीत असणे आवश्यक असते. ओला माल हौद्याला चिकटून एका अंगास राहिला तर सपाट जागेवरही गाडी कलंडू शकते. माल थेट काठावरून न ओतता अलीकडे टाकून डोझरने ढकलावा. हौदा खाली येईपर्यंत गाडी पुढे काढू नये, विशेषतः विजेच्या तारा वरून जात असतील तेथे. उचललेल्या हौद्याखाली दुरुस्ती करायची असल्यास केवळ दट्ट्यावर न विसंबता लोखंडी टेकू लावावा.