नडगीचं दुखणं आणि दोन सरांचा सराव

मराठवाड्यातल्या कॉलेजांसाठी मिळून सराव केंद्र का हवं, ते नडगीच्या दुखण्यावरून कळतं. इथे कॉलेजच्या संघातून खेळणाऱ्या कितीतरी मुला-मुलींचा दिवसातून दोनदा सराव होतो. पहाटे पोलीस भरतीच्या अकॅडमीत डांबरी रस्त्यावर पळायचं, संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर कबड्डी नाहीतर खो-खो. भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्यामुळे पहाटेचं पळणं कुणी सोडत नाही, आणि सोडायला सांगणंही बरोबर नाही. अडचण अशी की पहाटेच्या सरांना संध्याकाळचं माहीत नसतं आणि संध्याकाळच्या सरांना पहाटेचं.

सरावाचा ताण मोजायला यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला विचारायचं: ० ते १० मध्ये आज किती जड गेलं? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचं. संध्याकाळचे ९० मिनिटं, जड गेलं ६, म्हणजे ५४०. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ३२४०. कॉलेजच्या सरांच्या हिशेबात एवढंच असतं. पण पहाटेचे ६० मिनिटं गुणिले ७, म्हणजे रोजचे आणखी ४२० शरीराने सोसलेले असतात. खरा आठवडा ५७६० चा झाला. सर ‘जरा वाढवू या’ म्हणतात ते ३२४० समजून.

याची किंमत बहुतेकदा नडगी मोजते. वारंवार आदळण्याने हाडात सूक्ष्म तडे जातात. ते दुरुस्त करताना शरीर आधी खराब झालेला भाग काढून टाकतं, त्याला साधारण तीन आठवडे लागतात. नवीन हाड भरून पक्कं व्हायला मात्र काही महिने. मधल्या काळात हाड आधीपेक्षा कमजोर असतं. सराव वाढवल्यावर पहिल्या आठवड्यात काही होत नाही आणि तीन-चार आठवड्यांनी अचानक दुखायला लागतं, ते यामुळेच. नडगीच्या आतल्या कडेने बोटभर किंवा जास्त लांबीत दुखत असेल तर बहुधा हाडाच्या कडेची सूज असते, ताण कमी केला की ती उतरते. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, त्याच पायावर लंगडी घातली की कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडाला चीर असण्याची शंका घ्यायची आणि पळणं त्याच दिवशी थांबवायचं. इथे एक चूक फार होते: एक्स-रे नॉर्मल आला की मुलीला परत मैदानात उतरवतात. सुरुवातीच्या आठवड्यांत अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसते. मुलीची पाळी तीन महिने आली नसेल तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं. सरावाच्या मानाने जेवण कमी पडलं की पाळी थांबते आणि हाडंही ठिसूळ होतात.

हे सगळे धागे एका माणसाच्या हातात यायला हवेत. अनेक कॉलेजांसाठी मिळून एक सराव केंद्र हवं, त्याचं खरं कारण हेच आहे. ट्रॅक आणि जिम दिसायला मोठ्या गोष्टी; पण प्रशिक्षक, फिजिओ आणि मेस एकाच आवारात असले आणि खेळाडूच्या सरावाच्या नोंदीची वही एकच असली, की नडगी दुखायच्या आधीच ५७६० चा आकडा कुणाच्या तरी डोळ्यांत भरतो.

मैदानाचा मुद्दाही आपल्याकडे वेगळा आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतो. वरून नुसता मुरूम पसरून भागत नाही, पावसाळ्यात तो खाली दबतो आणि चिखल वर येतो. काळी माती खोलवर काढून मुरूम थराथराने टाकावा लागतो, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर. ट्रॅकला आतल्या बाजूकडे उतार द्यायचा तो जास्तीत जास्त १०० ला १. प्रत्येक कॉलेजला हा खर्च झेपणार नाही. एका ठिकाणी तो नीट करता येतो.

उन्हाचंही तसंच. सरावाआधी आणि नंतर वजन करायचं. ५८.४ किलोचा मुलगा ५७.१ वर आला आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्याला असेल, तर घाम १.८ लिटर गेला. घटलेल्या १.३ किलोसाठी पुढच्या काही तासांत साधारण दीड ते दोन लिटर घ्यायचं, तेही मीठ असलेल्या जेवणासोबत. नुसतं पाणी ढोसल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. खेळाडू उन्हात कोसळला आणि बरळायला लागला, तर बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बसवायचं, डोकं धरून ठेवायचं आणि त्याच वेळी अँब्युलन्स बोलवायची. आधी थंड करणं, मग दवाखाना. हा टब भरलेला तयार असणं आणि तो वापरायला शिकलेला माणूस जवळ असणं, हे तालुक्याच्या मैदानावर क्वचितच जमतं.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांना एकच केंद्र मात्र पुरणार नाही. किनवटच्या किंवा उदगीरच्या मुलाला रोज छत्रपती संभाजीनगर गाठता येत नाही. तिथे भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे, पण त्यात निवड होऊन मोजकीच मुलं जातात. नांदेड आणि संभाजीनगर, दोन्ही विद्यापीठांनी आपापल्या चार जिल्ह्यांसाठी निवासी शिबिरं घ्यावीत, सुरुवातीचे दोन दिवस तपासणीला द्यावेत: वजन, हिमोग्लोबिन, जुनी दुखणी, दोन्ही पायांच्या ताकदीतला फरक. शिबिर संपलं की वही खेळाडूबरोबर घरी जावी, तिच्यात पहाटेच्या अकॅडमीचा रकाना असावा, आणि दर रविवारी दोन्ही सरावांची बेरीज फिजिओला व्हॉट्सॲपवर जावी.