पुण्याचा हिवाळी कलाहंगाम

पुणे शहरात दिवाळीपासून माघ महिन्यापर्यंत संगीत, नाटक, चित्रपट, नृत्य आणि ग्रंथव्यवहार यांच्या कार्यक्रमांची जी दाटी होते, तिला बोलण्यात ‘हंगाम’ किंवा ‘सीझन’ म्हणतात. हा हंगाम कोणत्याही एका संस्थेने ठरवलेला नाही. ऋतुमान, पंचांग, शाळा-महाविद्यालयांचे वेळापत्रक आणि दिवंगत कलावंतांची स्मरणे यांच्या मेळातून तो गेल्या सत्तरेक वर्षांत आकाराला आला. वृत्तपत्रांतल्या ‘आजचे कार्यक्रम’ या सदरातून त्याचा रोजचा आढावा मिळतो, आणि डिसेंबरच्या शनिवार-रविवारी हे सदर वाचताना एकाच संध्याकाळी तीन ठिकाणी कसे पोहोचायचे, हा प्रश्न पुणेकर रसिकाला दरवर्षी पडतो.

हंगाम हिवाळ्यातच येण्याची पहिली कारणे साधी आहेत. जून ते सप्टेंबर पावसामुळे उघड्या मैदानावर मंडप टाकणे धोक्याचे असते, भाद्रपद गणेशोत्सवात जातो आणि मार्चनंतर परीक्षा व ऊन. दिवाळीनंतर मात्र आकाश निरभ्र होते, हवा कोरडी पडते आणि रात्रीचे तापमान १२ अंशांच्या आसपास उतरते. ही थंडी बोचरी असली तरी शाल आणि कानटोपी यांवर निभावते. हंगामाची सुरुवात ‘दिवाळी पहाट’ या पहाटेच्या मैफलींनी होते. अभ्यंगस्नान आटोपून, नवे कपडे घालून, फराळाच्या आधी गाणे ऐकायला जाण्याची ही रीत आता इतकी रुजली आहे की तिच्याशिवाय नरकचतुर्दशी पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

या हंगामाचा मध्यबिंदू म्हणजे डिसेंबरात भरणारा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. किराणा घराण्याचे गायक रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व (१८८६–१९५२) हे अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य. त्यांच्या निधनानंतर शिष्य भीमसेन जोशी यांनी आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनी त्यात वर्षानुवर्षे गात राहिले. सवाई गंधर्वांची पुण्यतिथी १२ सप्टेंबरला येते, उत्सव मात्र डिसेंबरात होतो. ऐन पावसात मैदान मांडता येत नाही, हे लक्षात घेतले की या अंतराचे कोडे उरत नाही. भीमसेन जोशी यांचे २४ जानेवारी २०११ रोजी निधन झाले, त्यानंतर उत्सवाच्या नावात त्यांचेही नाव आले. एका शिष्याने गुरूसाठी बांधलेल्या उत्सवात शिष्याचेच नाव गुरूशेजारी जावे, असे भाग्य फार थोड्या उत्सवांना लाभले आहे.

महोत्सवाची जागा दीर्घकाळ पेठेतल्या न्यू इंग्लिश स्कूल, रमणबागेचे पटांगण ही होती. २०१८ पासून तो मुकुंदनगर येथील महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरतो. रमणबागेत लक्ष्मी रस्त्यावरून चालत जाता येई. मुकुंदनगरला जायचे तर गाडी कुठे लावायची हा विचार आधी करावा लागतो. जागा बदलली तरी आतली रचना तीच राहिली आहे. पुढे खुर्च्या आणि कोच, मधोमध व कडेला भारतीय बैठक, मागे खाद्यपदार्थांचे गाळे, पुस्तकांची आणि ध्वनिमुद्रिकांची दुकाने, आणि दिवंगत-हयात कलावंतांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन. बैठकीतला नेहमीचा श्रोता फाटक उघडण्याआधीच रांगेत उभा असतो. त्याच्या पिशवीत घडीची चटई, हवेची उशी, पाण्याची बाटली आणि चहाचा थर्मास असतो. सतरंजीवर आपली चटई पसरून तो मंडळींसाठी जागा धरतो, आणि पहिला गायक षड्ज लावेपर्यंत शेजाऱ्याशी मागच्या वर्षी गायलेल्या मारवा रागाबद्दल वाद घालून मोकळा झालेला असतो. मध्यंतरात कांदाभजी खायला उठलेल्या माणसाची जागा कोणी घेत नाही. तेवढा अलिखित करार बैठकीत पाळला जातो.

या महोत्सवाचा इतिहास हा घड्याळाचाही इतिहास आहे. पूर्वी तो तीन रात्री चाले. संध्याकाळी सुरू झालेले गाणे मध्यरात्र ओलांडून पहाटेपर्यंत जाई, आणि अखेरच्या दिवशी सकाळी उन्हे वर आल्यावर उत्सव संपे. त्यामुळे मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्रीचे आणि ललित, भैरव, तोडी हे सकाळचे राग आपापल्या प्रहरी ऐकायला मिळत. ध्वनिप्रदूषणाबाबतचे केंद्राचे नियम २००० मध्ये आले. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वापरण्यास बंदी झाली, आणि वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्याकडे राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये यावर शिक्कामोर्तब केल्यावर रात्रभराच्या मैफलींचा काळ संपला. रात्री कापल्या गेल्या, म्हणून दिवस वाढले. आता पाच दिवसांचा उत्सव दुपारी सुरू होतो, रात्री १० च्या ठोक्याला थांबतो, आणि शनिवारी तेवढी १२ वाजेपर्यंत मोकळीक मिळते. या बदलाबद्दल हळहळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांची हळहळ खरी आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. दुपारच्या सत्रांमुळे मुलतानी, भीमपलास, पटदीप, मधुवंती आणि सूर्यास्ताचे श्री, मारवा, पूरिया यांना जो ऐसपैस वेळ मिळू लागला, तो रात्रीच्या उत्सवात क्वचितच मिळे. तोटा झाला तो मध्यरात्रीनंतरच्या रागांचा. ते आता बंदिस्त सभागृहांत किंवा कोणाच्या घरच्या मैफलीत ऐकावे लागतात.

उत्सवाचे काही संकेत टिकून आहेत. प्रारंभ बहुधा सनईने होतो, आणि सांगतेला भैरवी. भीमसेन जोशी गात होते तोवर समारोप त्यांचा असे. पुढे अनेक वर्षे प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी ती जागा सांभाळली. सर्व संपल्यावर सवाई गंधर्वांचे जुने ध्वनिमुद्रण ऐकवले जाते आणि हजारो माणसे चपला शोधण्याचे विसरून उभी राहतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीमुळे महोत्सव पुढे ढकलून जानेवारी २०१० मध्ये घ्यावा लागला. कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे तो डिसेंबरात झालाच नाही, आणि २०२२ मध्ये ६८ व्या आवृत्तीने पुन्हा सुरू झाला.

थंडीचा परिणाम श्रोत्यांपेक्षा वाद्यांवर अधिक होतो, आणि उघड्या मंडपातील मैफलीत तो पडद्यामागे नीट पाहता येतो. तंबोऱ्याच्या तारा गारव्याने आखडून स्वर चढतो, आणि तोच तंबोरा रंगमंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेत नेला की उतरतो. म्हणून साथीदार शिष्य कार्यक्रमाच्या बऱ्याच आधी तंबोरे आणून ठेवतात. आधी खुंट्यांवर ढोबळ स्वर मिळवायचा, मग मणी सरकवून बारीक फरक काढायचा, शेवटी घोडीवरच्या तारेखाली सुताचा दोरा मागेपुढे करून जवारी, म्हणजे तारेचा झणकार, खुलवायची, असा क्रम असतो. दोरा केसभर हलला तरी तारेचा झणकार बंद होतो किंवा पसरट होतो. तबल्याचे कातडे दमट हवेत सैल पडते आणि कोरड्या हवेत ताणले जाते. तबलजी हातोडीने वादीखालचे लाकडी गठ्ठे आणि कातड्याच्या कडेचा गुंफलेला गजरा ठोकून ते स्वरात आणतो. गायक पहिल्या आलापापूर्वी मागे वळून दोन्ही तंबोऱ्यांकडे पाहतो तेव्हा तो हेच सगळे तपासत असतो.

सवाईच्या आगेमागे स्मृतिमहोत्सवांची रांग लागते. नोव्हेंबरात पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या नावाचा पुलोत्सव, जानेवारीत वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) यांच्या स्मरणार्थ नातू राहुल देशपांडे यांच्या पुढाकाराने होणारा वसंतोत्सव आणि व्हायोलिनवादक अतुलकुमार उपाध्ये यांचा स्वरझंकार ही त्यांतली ठळक नावे. पुण्याचा हंगाम बऱ्याच अंशी श्राद्धपक्षासारखा चालतो, म्हणजे ज्याचे-त्याचे नाव घेऊन पान वाढले जाते. हे केवळ विनोदाने म्हटलेले नाही, कारण नाव दिवंगताचे असले की वर्गणीदार, सभागृह आणि कलावंत तिन्ही मिळणे सोपे जाते. भास्करबुवा बखले यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या भारत गायन समाजासारख्या संस्थांचे वर्षभराचे शिकवणे या उत्सवांच्या मागे असते, पण आढाव्यांत त्याला जागा मिळत नाही.

नाटकांचा हिवाळा वेगळ्या तारखेने सुरू होतो. विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत केलेल्या प्रयोगाच्या स्मरणार्थ ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानला जातो, आणि त्या दिवशी नाट्यगृहांत नटराजपूजन होते. पुण्याचा स्वतःचा दावाही लहान नाही: अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी येथेच झाला. १८९४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या भरत नाट्य संशोधन मंदिराच्या रंगमंचावर हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संघांची प्राथमिक फेरी रंगते. नेपथ्य टेम्पोतून उतरवणारे, दिवसभर बँकेत किंवा शाळेत नोकरी करणारे हे नट प्रेक्षागृह अर्धे रिकामे असले तरी तिसऱ्या घंटेला तितकेच घाबरलेले असतात. व्यावसायिक नाटके मुख्यतः बालगंधर्व रंगमंदिरात आणि कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात होतात. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. ते १९६७ मध्ये गेले आणि वास्तू २६ जून १९६८ रोजी उघडली. शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच हा प्रायोगिक नाटकांचा आधार आहे. वर्षाच्या सुरुवातीला फिरोदिया करंडकासाठी महाविद्यालयीन मुले एकाच एकांकिकेत गाणे, वाद्यवादन, नृत्य, चित्र आणि शिल्प असे सारे रंगमंचावर घडवून दाखवतात. त्यात नाटक कधीकधी हरवते, पण प्रयोग चालू असताना मातीतून मुखवटा उभा राहताना पाहणे हा अनुभव दुसऱ्या कोणत्याही स्पर्धेत मिळत नाही.

जानेवारी चित्रपटाचाही असतो. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००२ मध्ये सुरू झाला आणि दिग्दर्शक जब्बार पटेल त्याची धुरा वाहतात. त्याच्या पुरस्कारांना ‘प्रभात’ आणि ‘संत तुकाराम’ ही नावे आहेत. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये शासनाची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही शहरात आले. चित्रकलेच्या वाट्याला मात्र घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन आणि बालगंधर्वचे कलादालन यांतील लहान प्रदर्शने येतात, आणि नाटकाच्या मध्यंतरात सहज डोकावणारा प्रेक्षक हाच त्यांचा मुख्य आश्रयदाता असतो. २०१० मध्ये पाश्चात्त्य व स्वतंत्र संगीताचा एनएच७ वीकेंडर पुण्यातच जन्मला. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर २०२३ पासून डिसेंबरात पुणे पुस्तक महोत्सव भरू लागल्याने आता सवाईला जाण्याआधी पुस्तकांच्या पिशव्या कुठे ठेवायच्या, ही नवी अडचण उभी राहिली आहे.

हंगामाच्या नेहमीच्या वर्णनांत एक मोठा भाग गाळला जातो. गणेश पेठेतील आर्यभूषण थिएटरात संगीतबारीची, म्हणजे केवळ गाण्या-नाचावर चालणारी, लावणी वर्षभर सुरू असते. तिचा प्रेक्षक वेगळा असतो आणि तिची जाहिरातही वेगळ्या भिंतींवर लागते. जिल्ह्यातले तमाशाचे फड दसऱ्याला तंबू घेऊन बाहेर पडतात आणि सारा हिवाळा गावोगाव फिरतात, तरी शहराच्या कलाविषयक आढाव्यात त्यांची गणती होत नाही. विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारखी कलावती ज्या परंपरेतून आली, तिला वगळून पुण्याच्या परिसरातल्या रंजनाचे चित्र पुरे होत नाही. शहरात फेब्रुवारीअखेर मंडप उतरू लागतात आणि महाविद्यालये परीक्षांकडे वळतात. त्याच सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, आणि चैत्रातल्या जत्रांसाठी तमाशाची सुपारी द्यायला गावकरी तेथे येऊ लागतात.