माउंट व्हिटनीचं परमिट: लॉटरीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा बेत शुक्रवारी रात्री ठरतो आणि शनिवारी पहाटे सगळे कसारा लोकलमध्ये असतात. कॅलिफोर्नियातल्या इन्यो नॅशनल फॉरेस्टमध्ये माउंट व्हिटनीला असं जाता येत नाही. ऑगस्टमध्ये चढायचं तर अर्ज फेब्रुवारीत भरावा लागतो. तरी दरवर्षी बे एरियातली (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची) आणि सुट्टीला भारतातून येणारी मंडळी मे महिन्यात विचारतात, "आता काही होईल का?" म्हणून हे सविस्तर लिहितोय.

व्हिटनीची उंची १४,५०५ फूट, म्हणजे ४,४२१ मीटर. अलास्का वगळलं तर अमेरिकेतलं हे सर्वांत उंच शिखर. लोन पाइन गावाच्या वर व्हिटनी पोर्टल आहे, तिथून वाट सुरू होते. जाऊन-येऊन साधारण २२ मैल. १ मे ते १ नोव्हेंबर या काळात रोज एका दिवसात परतणाऱ्या १०० जणांना आणि मुक्काम करणाऱ्या ६० जणांनाच सोडतात. एरवी संख्येची मर्यादा नसते, परमिट मात्र लागतंच. एका दिवसात फक्त लोन पाइन लेकपर्यंत जाऊन यायचं असेल तर परमिटची गरज नाही.

पात्रतेला नागरिकत्वाची अट नाही. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबाही गटात चालतात. लहान मुलंही डोकी म्हणून मोजली जातात, त्यामुळे गटाचा आकडा भरताना त्यांना विसरू नका. एका गटात जास्तीत जास्त १५ जण.

अर्ज रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर, १ फेब्रुवारी ते १ मार्च. आधी आला त्याला आधी, असा प्रकार इथे नाही, लॉटरीने नंबर लागतो. शेवटच्या दिवशी भरलेल्या अर्जालाही तेवढीच संधी असते. खातं उघडायचं, तारखा पसंतीक्रमाने द्यायच्या, एकदिवसीय की मुक्कामी ते निवडायचं आणि ६ डॉलर भरायचे. नंबर लागला नाही तरी हे पैसे परत येत नाहीत. शनिवार-रविवारच्या तारखांवर उड्या पडतात. मंगळवार-बुधवार देता आला तर जरूर द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना. अर्जात गटप्रमुखाच्या नावाखाली पर्यायी प्रमुखांची नावं मागतात. परमिट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. प्रमुख किंवा पर्यायी प्रमुख यांच्यापैकी एकजण प्रत्यक्ष वाटेवर असायलाच हवा. आमच्या गटाने एकदा तो रकाना रिकामा सोडला. निघायच्या आठवड्यात प्रमुखाच्या घरी आजारपण आलं आणि सहाजणांची तयारी, रजा, गाडीचं बुकिंग सगळं वाया गेलं. ही नावं अर्ज भरतानाच द्यावी लागतात, मागाहून घालता येत नाहीत.

निकाल १५ मार्चला. नंबर लागला की काम झालं असं समजून बरेचजण थांबतात आणि तिथेच फसतात. २१ एप्रिलच्या रात्री ९ पर्यंत, तिथल्या पॅसिफिक वेळेनुसार, माणशी १५ डॉलर भरून तारीख पक्की करावी लागते. भारतातून भरणाऱ्यांसाठी ती वेळ २२ एप्रिलची सकाळी साडेनऊ. ज्यांनी पैसे भरले नाहीत त्यांच्या जागा २२ एप्रिलला सकाळी ७ वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला, सर्वांसाठी खुल्या होतात. तेव्हा लॉग-इन करून तयार बसा. पुढेही लोक रद्द करत राहतात, त्या जागा अधूनमधून दिसतात. मे महिन्यात विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच. नंतर माणसं कमी करता येतात, वाढवता येत नाहीत.

अर्जासोबत कागद जोडावे लागत नाहीत. वाटेवर मात्र परमिट आणि प्रमुखाचं फोटो ओळखपत्र जवळ हवं. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट ठेवावा. एकदिवसीय परमिट मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतच चालतं, म्हणून रात्री ११ ला निघू नका. पहाटे दोन-तीनला निघणं योग्य.

मुक्कामाला अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे. जाड प्लास्टिकचा पिंप, झाकणाच्या खिट्ट्या नाण्याने फिरवून उघडायच्या. त्यात फक्त जेवण नव्हे, वासाची प्रत्येक वस्तू जाते: शेंगदाण्याची चटणी, थेपले, टूथपेस्ट, सनस्क्रीनसुद्धा. शिवाय स्वतःची विष्ठा त्यासाठीच्या खास पिशवीत भरून खाली आणायची असते. पिशवीतली पावडर तिचा घट्ट गोळा करते, वरून दुसरी झिपची पिशवी. पहिल्यांदा ऐकून नाक मुरडलं जातं, पण वरच्या उघड्या खडकांत पुरायला माती नाही आणि त्याच ओढ्यांचं पाणी सगळे गाळून पितात.

लॉटरीत नाव नाही आलं तर इन्योच्या बाकीच्या वाटा आहेत. मुक्कामी परमिटांपैकी ६० टक्के सहा महिने आधी आणि ४० टक्के दोन आठवडे आधी सकाळी ७ ला खुली होतात. त्या वाटांवर एका दिवसात परतायचं असेल तर परमिट लागतच नाही. ऑनियन व्हॅलीतून किअरसार्ज पासला सकाळी निघा. वाटेत एकामागून एक तळी लागतात आणि खिंडीत पोचलात की पलीकडे किंग्ज कॅन्यनचे डोंगर समोर उभे असतात.