उंचीच्या नोंदी कोणी ठेवल्या आणि कशासाठी

देशोदेशींच्या सरासरी उंचीचा तक्ता समोर आला की नजर आधी क्रमवारीवर जाते. नेदरलंड्सचे पुरुष सगळ्यांत वर, लाटव्हियाच्या स्त्रिया सगळ्यांत वर, ग्वाटेमालाच्या स्त्रिया तळाशी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासातून हे आकडे पसरले, त्यात २०० देशांत १८९६ ते १९९६ या काळात जन्मलेल्या पिढ्यांचा हिशेब मांडला होता. पण उंचीच्या नोंदी त्याहून कितीतरी जुन्या आहेत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी माणसांना भिंतीला टेकवून मोजायची गरज कुणाला पडली होती?

मुख्यतः लष्कराला. ठासणीच्या बंदुकीची लांब नळी तोंडाकडून भरायला बुटका शिपाई गैरसोयीचा, म्हणून भरतीसाठी किमान उंची ठरलेली असे. शिवाय पळून गेलेला शिपाई ओळखायचा तर नाव, गाव आणि उंची हीच त्याची खूण. (प्रशियाचा राजा पहिला फ्रिडरिख विल्हेल्म याला तर उंच शिपायांचा नादच होता. त्याची पलटण हा वेगळाच विषय आहे.) म्हणजे या नोंदी आरोग्यासाठी ठेवल्याच नव्हत्या, आणि त्यांच्यात त्यामुळेच एक खोट राहिली. किमान उंचीपेक्षा कमी असलेला माणूस वहीत आलाच नाही. वहीतल्या आकड्यांची सरळ सरासरी काढली तर सगळा समाज आहे त्यापेक्षा उंच दिसतो. उंचीचा आलेख घंटेच्या आकाराचा असतो (मधल्या उंचीची माणसं सर्वांत जास्त, दोन्ही टोकांना कमी कमी), हे ठाऊक असल्यामुळे कापली गेलेली बाजू गणिताने पुन्हा उभी करता येते.

या घंटेची किमया बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केतले याने एकोणिसाव्या शतकातच दाखवली होती. फ्रान्समधल्या सुमारे एक लाख तरुणांच्या सक्तीच्या भरतीच्या नोंदी त्याने पाहिल्या. त्यांत बुटके म्हणून नाकारलेलेही होते. १५७ सेंमीच्या किमान मर्यादेच्या किंचित खाली गर्दी होती, आणि लगेच वरच्या रकान्यात तेवढीच तूट. निसर्ग असं करत नाही. केतलेने काढलेला अर्थ असा, की दोनेक हजार तरुणांनी कशी ना कशी आपली उंची कमी लिहवून घेतली आणि लष्करी सेवा चुकवली. गुडघे किंचित वाकवले की मोजणाऱ्याशी संधान बांधलं, हे मात्र आलेख सांगत नाही!

त्याच फ्रान्समध्ये १८२९ साली लुई-रने व्हिलेर्मे या डॉक्टरने आणखी मोठी गोष्ट मांडली. उंचीचा संबंध हवापाण्यापेक्षा गरिबीशी जास्त आहे. जिथे अन्न पुरेसं, घरं बरी आणि लहानपणीचे कष्ट कमी, तिथली माणसं जास्त उंच होतात आणि लवकर वाढतात, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते या विषयातला सगळ्यांत महत्त्वाचा विचार तेव्हाच लिहून झाला होता. पुढच्या दीडशे वर्षांनी त्याला पुरावे जोडले.

पुरावे जोडणारे मुख्यतः आर्थिक इतिहासकार निघाले. १९७० च्या दशकापासून रॉबर्ट फोगेल, रिचर्ड स्टेकेल यांच्यासारख्यांनी जुन्या वह्या उघडल्या. अमेरिकेत १८०७ च्या कायद्याने गुलामांची आयात बंद झाली, पण देशांतर्गत किनाऱ्यावरून त्यांची ने-आण करायला मुभा राहिली. चोरटी आयात होऊ नये म्हणून जहाजावरच्या प्रत्येक गुलामाचं नाव, वय, लिंग आणि उंची यादीत लिहावी लागे. स्टेकेलला या याद्यांत दिसलं ते हादरवणारं होतं. लहान मुलं आजच्या मापाने कमालीची खुजी, पण वयात येता येता ती बरीचशी भरपाई करत आणि प्रौढपणी गोऱ्यांपेक्षा थोडीशीच कमी भरत. त्याने लावलेला अर्थ असा, की कामाला जुंपेपर्यंत मुलाला धड खायला घालण्यात मालकाला फायदा दिसत नव्हता.

शरीराची रीतही इथे कळते. पोटात अन्न कमी आणि वरून जुलाब-ताप सतत, की शरीर आधी जीव सांभाळतं, हाडं लांबवायचं काम मागे टाकतं. पहिल्या दोन वर्षांतलं नुकसान पुढे पूर्ण भरून निघणं अवघड. म्हणून प्रौढांची उंची हा त्यांच्या बालपणाचा उतारा असतो, आणि म्हणूनच असे अभ्यास मोजमापाचं वर्ष धरत नाहीत, जन्मसाल धरतात.

याच वह्यांनी आणि जुन्या सांगाड्यांनी 'माणूस पिढ्यान्‌पिढ्या उंचच होत आला' ही समजूतही मोडली. सांगाड्यांवरून पाहिलं तर उत्तर युरोपातले पुरुष नवव्या ते अकराव्या शतकात सरासरी १७३ सेंमीच्या आसपास होते आणि सतराव्या-अठराव्या शतकांत १६७ पर्यंत उतरले. अमेरिकेत १८३० नंतर जन्मलेल्यांची उंची काही दशकं घसरत गेली, तीही देशाचं उत्पन्न वाढत असताना. गर्दीची शहरं, रोगराई, महागलेलं अन्न अशी कारणं दिली जातात, वाद अजून चालू आहे. त्याच खंडावरच्या मैदानी प्रदेशातले शायेन हे मूळनिवासी लोक मात्र एकोणिसाव्या शतकात जगातल्या सर्वांत उंच माणसांत मोडत.

विसाव्या शतकाची झेप सगळ्यांना ठाऊक आहे. शंभर वर्षांत दक्षिण कोरियाच्या स्त्रियांची सरासरी २० सेंमीनी वाढली, इराणच्या पुरुषांची साडेसोळा सेंमीनी. उंचीतला साधारण ८० टक्के फरक आनुवंशिक असतो, या वाक्याने मग गोंधळ उडतो. ते वाक्य एकाच काळात, साधारण सारख्या परिस्थितीत वाढलेल्या माणसांमधल्या फरकाबद्दल आहे. तीन-चार पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, ताट आणि पाणी बदलतं. ग्वाटेमालातून अमेरिकेत गेलेल्या माया या मूळनिवासी समाजातल्या कुटुंबांची मुलं मायदेशातल्या मुलांपेक्षा सुमारे १० सेंमी उंच भरली, आणि त्यातली बरीच वाढ पायांच्या लांबीत होती.

अमेरिकेचा स्वतःचा क्रमांक मात्र घसरला. १८९६ मध्ये जन्मलेले तिथले पुरुष जगात तिसरे होते, १९९६ मध्ये जन्मलेले सदतिसावे. सहाराच्या दक्षिणेकडच्या काही आफ्रिकी देशांत तर अलीकडे जन्मलेल्या पिढ्या आधीच्यांपेक्षा खुज्या निघाल्या.

आणि आता नेदरलंड्स. तिथल्या सांख्यिकी कार्यालयाने २०२१ मध्ये जाहीर केलं, की २००१ साली जन्मलेले पुरुष १९८० साली जन्मलेल्यांपेक्षा एक सेंमीने कमी आहेत, स्त्रिया १.४ सेंमीने. स्थलांतर हे एक कारण. पण आई-वडील नेदरलंड्समध्येच जन्मलेल्या पुरुषांचीही वाढ थांबली आहे. यात गंमत एवढीच, की हे आकडे कुणी भिंतीला टेकवून घेतलेले नाहीत. सात लाखांहून अधिक लोकांनी आपली उंची स्वतःच सांगितली आहे, आणि आपली उंची सांगताना माणूस सहसा थोडी वाढवूनच सांगतो.