खाज सुटण्याआधीचा थेंब

केटोटिफेन, एपिनास्टीन, अल्काफ्टाडीन ही डोळ्यांत घालायच्या ॲलर्जीविरोधी थेंबांमधली काही औषधे. त्यांच्या अधिकृत माहितीपत्रकात वापराचे कारण म्हणून ‘ॲलर्जीमुळे डोळ्यांना सुटणाऱ्या खाजेचा प्रतिबंध’ असे नमूद केलेले असते. त्यातल्या ‘प्रतिबंध’ या शब्दाकडे फार थोड्या रुग्णांचे लक्ष जाते. बहुतेक जण डोळे चोळून लाल झाल्यावर आणि पापण्या सुजल्यावर बाटली शोधू लागतात, आणि मग थेंबांचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही अशी तक्रार करतात. ही तक्रार पुष्कळदा औषधाविषयी नसून ते घेण्याच्या वेळेविषयी असते. वेळेला इतके महत्त्व का आहे, हे समजण्यासाठी खाज मुळात कशी निर्माण होते ते पाहावे लागेल.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूवर एक पातळ, पारदर्शक आवरण असते; त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. बाहेरच्या हवेशी थेट संबंध येणारे हे आवरण असल्यामुळे शरीराने तेथे पहारा चोख ठेवला आहे. या पहाऱ्यातल्या सर्वांत तापट पेशी म्हणजे मास्ट पेशी. डोळा आणि त्याच्या भोवतालच्या ऊतींमध्ये मिळून त्यांची संख्या सुमारे 5 कोटी असावी, असा अंदाज नेहमी दिला जातो. या पेशी कणांनी इतक्या गच्च भरलेल्या असतात की 1878 मध्ये त्यांचे वर्णन करणाऱ्या पाउल एर्लिख यांना त्या भरपेट खाऊन पुष्ट झालेल्या वाटल्या, आणि त्याच अर्थाचा जर्मन शब्द त्यांनी नावात योजला. प्रत्यक्षात ते कण म्हणजे खाल्लेले अन्न नसून पेशीने स्वतःच तयार करून साठवलेली रसायने असतात, आणि त्यांत हिस्टामीन प्रमुख असते.

ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात परागकण, धुळीतले माइट (डोळ्यांना न दिसणारे बारीक कीटकसदृश जीव) किंवा प्राण्यांच्या त्वचेचा कोंडा अशा एरवी निरुपद्रवी पदार्थांविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असतात आणि ती मास्ट पेशींच्या पृष्ठभागावर बसून राहतात. तोच पदार्थ पुन्हा डोळ्यात गेला की तो शेजारशेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकत्र जोडतो, आणि तेवढ्या इशाऱ्यावर पेशी आपले कण बाहेर फेकते. हे सारे काही मिनिटांत घडते. बाहेर पडलेले हिस्टामीन जवळच्या मज्जातंतूंच्या टोकांवरील ‘एच-1’ ग्राहकांना, म्हणजे त्याचा संदेश टिपणाऱ्या रेणूंना, चिकटते आणि मेंदूला खाजेचा संदेश जातो. रक्तवाहिन्यांवरील ग्राहकांना चिकटते तेव्हा त्या रुंदावतात, डोळा लाल होतो, आणि त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरून नेत्रश्लेष्मला फुगते. हिस्टामीनचे शरीरावरील परिणाम हेन्री डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी 1910 पासून तपासायला सुरुवात केली होती. त्याला अडवणारी पहिली रसायने मात्र 1937 मध्ये दानिएल बोवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली, आणि या व इतर संशोधनासाठी बोवे यांना 1957 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक समज दुरुस्त करायला हवा. प्रतिहिस्टामीन, म्हणजे हिस्टामीनला अडवणारे, औषध (वर सांगितलेले थेंब याच प्रकारचे) हिस्टामीन नष्ट करत नाही आणि ते धुऊनही काढत नाही. एच-1 ग्राहक हा पेशीच्या आवरणात रुतलेला प्रथिनाचा रेणू आहे, आणि तो ‘चालू’ व ‘बंद’ अशा दोन स्थितींमध्ये सतत हेलकावत असतो. हिस्टामीन त्याला चालू स्थितीत धरून ठेवते, तर औषध त्याला बंद स्थितीत. म्हणजे औषध केवळ जागा अडवून बसते असे नाही, तर ग्राहकाचा कलच बदलते. हे ध्यानात घेतले की वेळेचा प्रश्न आपोआप उलगडतो. हिस्टामीन येण्यापूर्वीच बहुतेक ग्राहक औषधाने बंद करून ठेवलेले असतील, तर मास्ट पेशींनी कण बाहेर फेकले तरी त्यांच्या संदेशाला ऐकणारा कोणी उरत नाही. उलट खाज सुरू झाल्यानंतर थेंब घातला, तर ती पुष्कळ कमी होते हे खरे, पण रक्तवाहिन्यांतून आधीच पाझरलेला द्रव कोणतेही प्रतिहिस्टामीन परत आत ओढू शकत नाही. ती सूज आपल्या वेगाने, सावकाश उतरते.

या औषधांची परीक्षाही याच विचाराने घेतली जाते. ॲलर्जी असल्याचे सिद्ध झालेल्या स्वयंसेवकांच्या डोळ्यांत आधी औषध घालतात, ठरावीक अवधीनंतर त्यांना बाधणाऱ्या पदार्थाचे मोजके द्रावण टाकतात आणि पुढच्या काही मिनिटांत खाज किती सुटली याला त्यांच्याकडून 0 ते 4 असे गुण घेतात. अवधी कधी सुमारे 15 मिनिटांचा ठेवतात, तर कधी 16 तासांचा. पहिल्यावरून औषध किती लवकर लागू पडते ते कळते, दुसऱ्यावरून ते किती वेळ टिकते ते. अल्काफ्टाडीन 16 तासांनंतरही खाज रोखते असे अशा चाचण्यांत दिसले, म्हणूनच ते दिवसातून एकदाच पुरते. डोळ्यांची लाली मात्र खाजेइतकी ठळकपणे कमी होईलच असे नाही, आणि ही मर्यादा रुग्णाला आधीच सांगितली तर त्याची निराशा टळते.

आज वापरात असलेले बहुतेक थेंब दुहेरी काम करतात. ओलोपॅटाडीन, केटोटिफेन, ॲझेलास्टीन ही औषधे ग्राहक तर बंद करतातच, शिवाय मास्ट पेशींना स्थिर ठेवून त्यांना कण बाहेर फेकण्यापासूनही काही प्रमाणात रोखतात. केवळ हे दुसरे काम करणारे सोडियम क्रोमोग्लिकेट त्यांच्याहून जुने आहे. ते दिवसातून अनेकदा घालावे लागते आणि त्याचा पूर्ण गुण यायला काही दिवस किंवा आठवडे जातात, त्यामुळे त्रासाचा हंगाम सुरू होण्यापूर्वीच ते चालू करणे इष्ट असते. दुहेरी थेंब काही मिनिटांत काम करतात, तरीही ज्यांना ठरावीक ऋतूत रोजच त्रास होतो त्यांनी खाजेची वाट न पाहता डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी ते नियमाने घातलेले बरे.

थेंब घालण्याच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण उत्तम औषध इथेच वाया जाते. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो, तर डोळ्यात एरवी असणारे अश्रू 10 मायक्रोलिटरहूनही कमी. पापणीच्या आतल्या खोबणीत मावेल त्यापेक्षा जास्त द्रव गालावर ओघळतो किंवा अश्रुनलिकेतून नाकात आणि घशात उतरतो. ॲझेलास्टीननंतर तोंड कडू होते ते यामुळेच. म्हणून दोन-तीन थेंब घालण्यात काहीही लाभ नाही. खालची पापणी हलकेच खाली ओढून एक थेंब घालावा, डोळा मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध घालायचे असल्यास मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. अनेक बाटल्यांमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असते आणि मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ते शोषून घेतात, त्यामुळे लेन्स आधी काढाव्यात आणि 10 ते 15 मिनिटांनी पुन्हा घालाव्यात. डोळा लाल असताना लेन्स न घालणेच योग्य.

डोळे चोळण्याचा मोह आवरणे हा उपचाराचाच भाग आहे. चोळण्याच्या दाबाने मास्ट पेशी आणखी कण बाहेर फेकतात, खाज वाढते आणि मनुष्य अधिकच चोळू लागतो. वर्षानुवर्षे चोळत राहिल्यास पारपटल (बुबुळावरचे पारदर्शक आवरण) पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याच्या केराटोकोनस या विकाराचा धोका वाढतो. थंड पाण्यात भिजवलेले स्वच्छ कापड मिटलेल्या डोळ्यांवर ठेवल्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि कृत्रिम अश्रूंनी ॲलर्जीकारक कण वाहून जातात. दोन्ही उपाय साधे आहेत आणि थेंबांच्या जोडीने करता येतात.

लाली चटकन घालवणारे थेंब ही वेगळी औषधे आहेत. ती रक्तवाहिन्या आकसून घेतात, पण सलग अनेक दिवस वापरल्यास ती थांबवताच डोळा पहिल्यापेक्षा अधिक लाल होऊ शकतो. स्टिरॉइडचे थेंब तीव्र दाहात फार उपयोगी असले तरी त्यांनी डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही होऊ शकतो, म्हणून नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीवाचून ते कधीही वापरू नयेत, मग मागच्या वेळी त्यांनी कितीही झटपट आराम पडलेला असो. तसेच डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दृष्टी अंधुक झाली असेल, घट्ट पिवळसर स्राव येत असेल किंवा त्रास एकाच डोळ्यात असेल, तर तो ॲलर्जीचा आहे असे गृहीत धरून थेंब घालत बसू नये. त्याच दिवशी डोळा तपासून घ्यावा.