ज्वारीचा पफ म्हणजे भाकरी नव्हे

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं आणि ज्वारीला एकदम भाव आला. आता परभणी-लातूरकडच्या दुकानांतही ज्वारीचे पफ, फ्लेक्स, बिस्किटं मांडलेली असतात. घेणारा म्हणतो, ‘ज्वारीच तर आहे, भाकरी काय अन् हे काय!’ इथंच हिशेब चुकतो.

ज्वारीच्या दाण्यात स्टार्च मोकळा पडलेला नसतो. त्याच्या कणांना काफिरीन नावाच्या प्रथिनाचा वेढा असतो, त्याबाहेर पेशीभित्तिका. आपल्या लाळेतलं आणि आतड्यातलं अमायलेज हे विकर स्टार्च तोडून त्याची साखर करतं, पण त्याला तिथं पोचायला वेळ लागतो. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळायचं. त्यानं थोडा स्टार्च फुगून चिकट होतो आणि थापताना भाकरी चिरत नाही. गंमत पुढंच आहे. ओल्या उष्णतेत काफिरीनच्या रेणूंमध्ये गंधकाचे पूल, म्हणजे डायसल्फाइड बंध, तयार होतात आणि वेढा आणखी आवळतो. भाकरी गार झाली की स्टार्चमधल्या अमायलोज या घटकाच्या सरळ साखळ्या एकमेकींना चिकटून स्फटिकासारख्या बसतात. हा भाग अमायलेजला दाद देत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो, तिथले जिवाणू त्यापासून ब्यूटिरेट, म्हणजे आतड्याच्या अस्तराला पोसणारं मेदाम्ल, बनवतात. शिळ्या भाकरीला नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पफ बनतो एक्सट्रूडरमध्ये. बंद नळीत फिरता स्क्रू ओलसर पीठ रेटतो. तापमान शंभर अंशांच्या बरंच वर जातं, पण दाबामुळे पाण्याची वाफ होत नाही. छिद्रातून बाहेर पडताच दाब उतरतो, पाणी भसकन वाफ होतं आणि पीठ फुगतं. या घुसळणीत स्टार्चचे कण फुटतात, साखळ्या तुटतात, पेशीभित्तिकांचा चुरा होतो. अमायलेजला दार उघडंच.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये २० जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त, म्हणजे पफसारखं कारखान्यात बनलेलं जेवण, दोन आठवडे साधं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मेद, तंतू सारखेच. हवं तेवढं खायची मुभा. अतिप्रक्रियायुक्त जेवणावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि भराभर खात होती.

तरीही ‘ज्वारीनं शुगर मुळापासून जाते’ हे व्हॉट्सअॅपवरचं ज्ञान खरं ठरत नाही. भाकरीतही स्टार्चच असतो. चार भाकऱ्यांची साखर चार भाकऱ्यांइतकीच चढणार. आणि प्रक्रिया तेवढी वाईट असंही नाही. गिरणीतलं दळण, दही, डाळ, सगळ्यांवर प्रक्रियाच झालेली असते.

पाकीट घ्यायचंच तर उलटून पाहा. मागं घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेले असतात. आधी मैदा, साखर, पामतेल आणि मग कुठं तरी ज्वारी, तर ते मैद्याचंच बिस्किट. त्यापेक्षा मोंढ्यातून ज्वारी आणा. भाकरी थापता येत नसेल तर जाडसर भरडून कण्या शिजवा, ताकाबरोबर छान लागतात. आणि पिठापेक्षा त्यात पेशीभित्तिका जास्त शाबूत राहतात.