सूर दुरुस्त करायचाय? ऑटो की हाताने, आधी हे वाचा

रेकॉर्डिंग झालं की बहुतेक जण विचारतात, "ऑटोट्यून मारून देणार ना?" देतो की. पण सूर दुरुस्त करायच्या पद्धती दोन आहेत आणि दोन्हींचा रिझल्ट, वेळ, पैसे सगळंच वेगळं, म्हणून हे पत्रक.

पहिली ऑटोमॅटिक. ऑटो-ट्यून 1997 साली आलं, ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीतून परत येणाऱ्या लहरी तपासायचे, तशाच धर्तीचं गणित त्यांनी गळ्याला लावलं. आपण पट्टी सांगायची, समजा काळी दोन, कुठले सूर चालतील ते सांगायचं, मग कणसूर लागला की प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडलेलं हे छोटं सॉफ्टवेअर, त्याला जवळच्या सुरावर ओढतं. किती पटकन ओढायचं ते मिलिसेकंदात ठरतं, शून्यावर ठेवलं की तो रोबोटी आवाज येतो. रॅप, डीजेचं गाणं, पार्टी साँग असेल तर बिनधास्त हेच घ्या, काम पटकन होतं आणि त्याचे पैसे आम्ही मिक्सिंगमध्येच धरतो.

अडचण अशी की मशीनला फक्त जवळचा सूर कळतो, तुम्हाला कुठला लावायचा होता ते नाही. सुरांतलं अंतर सेंटमध्ये मोजतात, दोन शेजारच्या सुरांत 100 सेंटचं अंतर, बाराही सूर चालू असतील आणि तुम्ही 60 सेंट उतरलात तर ते तुम्हाला खालच्या सुरावर नेऊन बसवणार! आणि सूर कमी ठेवावेत म्हटलं तर भैरवीत बाराही येऊ शकतात, मग बंद कुठला करणार? मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, घेतली की तिच्या पायऱ्या होतात, आंदोलन, म्हणजे सुराचं सावकाश झुलणं, सपाट होतं, मुरकीतले बारीक सूर गायब. भावगीत, अभंग, नाट्यपद ऑटोवर टाकायला आम्ही स्वतःहून कधीच सांगत नाही.

तिथे हाताने. मेलोडाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर स्क्रीनवर वेगळा दिसतो, त्याची मधली जागा, कंप आणि हळूहळू वर-खाली सरकत जाणं हे तिन्ही वेगवेगळं हलवता येतं. म्हणजे मींड जशीच्या तशी ठेवून फक्त ती जिथे टेकते तो सूर वर घेता येतो, आणि बाकी ओळ बरी असेल तर तिला हातही लावत नाही. एक गोष्ट मात्र आधी सांगा, साथीला तानपुरा आहे की कीबोर्ड? कारण तानपुऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा साधारण 14 सेंट खाली असतो, चांगला गाणारा तो बरोबर तिथेच लावतो आणि स्क्रीनवर तो "चुकलेला" दिसतो. असा सूर ओढून सरळ केला तर गाणं बिघडवल्याचं पाप आमच्या माथी. म्हणून हे काम कानाने करावं लागतं, चार मिनिटांच्या गाण्याला दोन-तीन तास सहज जातात, चार्ज वेगळा.

दोन्हीत न बसणारंही असतं. शब्द दबलेत, दम संपलाय, ताल सुटलाय, तिथे ती ओळ परत गाणं हाच स्वस्त उपाय, कारण दुरुस्त करताना मूळ जागेपासून फार लांब ओढलेला सूर पातळ आणि नकली वाटतोच.

घरी रेकॉर्ड करून पाठवत असाल तर इको-रिव्हर्ब न लावलेली वेव्ह फाइल पाठवा, एमपी3 नको, आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन घालून गा, कारण माइकमध्ये साथीचा ट्रॅक घुसला की आवाजाबरोबर तोही सरकतो. जमलं तर दोन-तीन टेक द्या, सोबत पट्टी लिहा, आणि एखादी जागा मुद्दाम तशी घेतली असेल तर तेही लिहा, म्हणजे आम्ही ती सोडून देऊ.